मातीला येणारे आमदार

आप्पांच्या मातीला मी गेलो नाही.

आमच्याकडे अंत्यविधीला जाण्याला मातीला जाणं म्हणतात, मग त्या माणसाला जाळोत नाही तर पुरोत. आप्पा गेले त्या दिवशी मी नांदेडला माझ्या घरी होतो, धडधाकट होतो आणि एसट्याही चालू होत्या. सकाळपासून फोन सुरू झाले. "गुर्जी, निघालात का?" "गुर्जी, कुठवर आलात?" दुपारनंतर फोन बंद झाले. मला वाटतं, लोकांनी तिथं मान वळवून मला शोधलं असेल. बावीस वर्षं ज्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो, त्या माणसाला पोचवायला मी नव्हतो. लोक नावं ठेवणारच. गुर्जी लई माजले, असं कुणीसं म्हणाल्याचं कानावर आलं. म्हणोत.

गेलो असतो तर वर्षाताईंसमोर उभं राहावं लागलं असतं. वर्षाताई म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. त्यांची आई, आमच्या काकू, ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी ताईंनी वडिलांसाठी केलेला एक फोन माझ्याकडं आला होता. मी तो आप्पांना दिला नाही. ह्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यांचं काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. ते सगळं सांगतो, पण आधी आप्पा कसे होते ते सांगायला पाहिजे. त्याशिवाय तो फोन मी का दिला नाही हे कुणाला कळायचं नाही.

आप्पांचं नाव नागनाथराव. आडनावाची गरज आमच्या भागात कुणाला पडली नाही. सहा वेळा आमदार झाले, दोनदा पडले, मंत्री एकदाही झाले नाहीत. चण बारीक, रंग काळा, खांद्यावर एक पांढरा पंचा. त्यांनी साखर कारखाना काढला नाही, दूध संघ काढला नाही. एक शाळा तेवढी काढली, तिच्यात मी मराठी शिकवत होतो. एवढी वर्षं ते निवडून कसे येतात, ह्याचं कोडं मुंबईच्या पत्रकारांना पडायचं. आम्हाला त्यात कोडं वाटायचं नाही. आप्पा मातीला येत. मतदारसंघात कुठल्याही गावात, कुठल्याही वस्तीवर, कुठल्याही जातीचं माणूस गेलं की आप्पा येत. गावं त्यांच्यासाठी थांबत. तिरडी बांधून तयार असायची आणि कुणीतरी म्हणायचं, "थांबा, आप्पा येऊन राह्यले." मग बाया पुन्हा खाली बसायच्या.

माझी त्यांची गाठही मातीलाच पडली. आमच्या शाळेचा शिपाई गेला होता. मुख्याध्यापकांना बोलायचं सुचेना म्हणून मला पुढं ढकललं. मी एवढंच सांगितलं की हा माणूस घंटा वाजवायच्या आधी एकदा आकाशाकडं बघायचा, का ते त्यालाच ठाऊक. आप्पा शेजारी उभे होते. सगळं आटोपल्यावर माझ्या दंडाला धरून म्हणाले, "गुर्जी, गाडीत बसा." मी बसलो. उतरलो ते बावीस वर्षांनी. हजेरीपटावर मी मास्तरच राहिलो, पगारही मास्तराचाच. अशी आमच्याकडं रीत आहे, त्यात मला कुणी मोठा गुन्हेगार समजू नये.

माझं काम सांगतो. सकाळी सहाला गावोगावचे फोन. कुठं कोण गेलं, आज कुणाचा तिसरा, कुणाचा दहावा, कुणाची तेरवी. मग रस्ता ठरवायचा. लोह्याकडून सुरुवात करून चाकूरला उतरायचं की उलटं यायचं, हे मी आणि ड्रायव्हर खाजाभाई मिळून बघायचो. आणि गाडी सुटली की आप्पांचा एकच प्रश्न असायचा.

"गुर्जी, मानूस कसा होता? बारकं सांगा."

मोठं त्यांना चालायचं नाही. मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, अजातशत्रू होते, असं मी म्हणालो की ते खिडकीबाहेर बघायचे. "हे समदे मेल्यावर अजातशत्रूच आसतेत. बारकं सांगा की." मग मी गावात पुन्हा फोन करायचो. म्हाताऱ्याला चहा कसा लागायचा? तो कुणाशी भांडायचा? म्हातारी कुठं बसून धान्य निवडायची? गावचा सरपंच वैतागून विचारायचा, "गुर्जी, तुमाला कामून पाह्यजे हे?" पण माहिती मिळायची. रेणापूरकडच्या एका आजीबद्दल असंच कळलं की ती लेकींना माहेरी आल्यावर कधी 'कधी आलीस' विचारायची नाही, 'कधी जाणार' तेवढं विचारायची, आणि सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवसापासून कुणाशी बोलायची नाही. आप्पांनी तेवढंच सांगितलं. जेमतेम पाच मिनिटं बोलले असतील. तिच्या तिन्ही लेकी तिथं धाय मोकलून रडल्या आणि जावईसुद्धा डोळे पुसत होते.

आप्पांचे नियम होते. दारापर्यंत गाडी न्यायची नाही, शेवटचं अंतर चालत जायचं. खुर्ची घ्यायची नाही. फोटो काढू द्यायचा नाही. गर्दीत चपला चुकीच्या पायात गेल्या तर शोधायच्या नाहीत. दुःखाच्या घरी चपला शोधणारा माणूस त्यांना फार वाईट दिसायचा. त्यामुळं खाजाभाईच्या डिकीत कायम चार जोड असायचे आणि आप्पांच्या जुन्या चपला अख्ख्या मतदारसंघात कुणाकुणाच्या पायात फिरायच्या. आणि सगळ्यात पक्का नियम, ते बोलत असताना फोन द्यायचा नाही. सुरुवातीला एकदा मी दिला होता. कलेक्टरांचा होता, मला वाटलं महत्त्वाचा असेल. आप्पांनी हातानं बाजूला सारला, भाषण पुरं केलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "गुर्जी, मान्सं रडायली हायत आन् म्या फोनवर? पुन्हा न्हाई." आवाज चढला नव्हता. पण एवढ्या वर्षांत मला ते बोलले ते एवढंच, म्हणून ते डोक्यात कोरलं गेलं.

चुकाही झाल्या. एका गावाहून फोन आला की थोरले दादाराव गेले. मी दादारावांचं सगळं बारकं गोळा केलं. हा माणूस दुसऱ्याच्या शेतातलं तण दिसलं तरी वाकून उपटायचा आणि शेतमालकाला सांगायचा नाही, असं कळलं. आप्पा ह्यावर फार छान बोलले. लोक एकमेकांकडं बघायला लागले, मला वाटलं, गहिवरलेत. पुढच्या रांगेत डोक्याला उपरणं गुंडाळून एक म्हातारा बसला होता, तो सगळ्यात जास्त रडत होता. ते दादाराव होते. गेले होते त्यांचे धाकटे भाऊ बाबाराव. फोन करणाऱ्यानंच घोळ घातला होता आणि मी दुसऱ्याला विचारून खात्री केली नव्हती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाषण संपल्यावर दादाराव आप्पांच्या हाताला धरून म्हणाले, "आप्पा, लई चांगलं बोललात. म्या तन उपटतो ते कुनी बघितलं आसंल आसं वाटलं नव्हतं. आता म्या मेलो तर येऊ नका. माझं झालं." गाडीत बसल्यावर आप्पा मला काही बोलले नाहीत. चाकूर आलं आणि ते एकदम हसायला लागले. खाजाभाईनं गाडी बाजूला घेतली आणि आम्ही तिघंही हसलो. बाबारावांच्या घरी आप्पा तिसऱ्याला पुन्हा गेले आणि नीट बोलले.

विधानसभेत मात्र हा माणूस मुका. अधिवेशनाला जायचे, सही करायचे, मागच्या बाकावर पंचा मांडीवर घेऊन बसायचे. एका पुलाचा प्रश्न त्यांनी तीन सरकारांना विचारला. तिन्ही वेळा मंत्र्यांनी तपासून घेतो म्हणून सांगितलं. पूल शेवटी झाला, पण तेव्हा आप्पा पडलेले होते आणि नारळ दुसऱ्यानं फोडला. त्याच दुपारी आम्ही त्या पुलावरून पलीकडच्या गावी मातीला गेलो. आप्पा म्हणाले, "चांगला बांधलाय." मला राग येत होता, ह्यांना येत नव्हता.

मंत्रिपद एकदा दारापर्यंत आलं होतं. यादी ठरत होती, सगळे आमदार मुंबईत नेत्यांच्या बंगल्याबाहेर तोंड दाखवत बसले होते. तिसऱ्या दिवशी चाकूर तालुक्यातला एक जुना ग्रामपंचायत सदस्य गेल्याचा फोन आला आणि आप्पा उठले. मी म्हणालो, "आप्पा, दोन दिवस थांबा, तेरवीला जाऊ." ते म्हणाले, "तेरवीला समदेच येतेत." आम्ही पोचलो, माती झाली आणि परतताना रेडिओवर यादी ऐकली. तुम्हाला वाईट वाटलं का, असं मी त्यांना विचारलं. "वाटलं की," म्हणाले. मग विचारलं, "उद्या कुठं हाय?"

बोलताना त्यांचा गळा दाटायचा, डोळ्यांना पाणी यायचं आणि गाडीचं दार लागलं की लगेच म्हणायचे, "गुर्जी, पुढचं सांगा." हे खरं की ते खरं, हे मला बावीस वर्षांत कळलं नाही. खाजाभाईचं मत वेगळं होतं. तो म्हणायचा, "आप्पा का दिल नळ हय गुर्जी. खोले तो पानी, बंद करे तो बंद." मी त्याला रागवायचो. नंतर नंतर रागवणं सोडून दिलं.

घरी आप्पा पुढच्या दारानं कधी आले नाहीत. रोज कुठून तरी मातीहून आलेले, त्यामुळं मागच्या दारी जायचं, अंगावर पाणी घ्यायचं, कडुलिंबाचा पाला चावायचा आणि मग आत. बादली आणि पाला काकूंनी ठेवलेला असायचा. रोज. कढत पाणी निवू नये म्हणून त्या खाजाभाईला फोन करून कुठवर आलात विचारायच्या आणि त्या हिशेबानं चूल पेटवायच्या. ठेंगणी, गोरी, मोठ्या कुंकवाची बाई. राजकारणातलं अवाक्षर बोलायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, "काकू, कंटाळा येत नाही का?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्या बायांचे नवरे भाजी आनत्यात, माझा कुनाचं तरी मरन घेऊन येतो. पानी टाकलं की झालं. कंटाळा कशाचा त्याच्यात?" आणि मला चहा दिला.

पुढं काकूंच्या किडन्या गेल्या. लातूरला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. वर्षाताई लातुरात कॉलेजवर शिकवत, त्यांनी सगळं अंगावर घेतलं. आप्पा काकूंना दवाखान्याच्या दारात सोडायचे, दोन मिनिटं कॉटपाशी उभे राहायचे आणि दौऱ्यावर निघायचे. काकू म्हणायच्या, जावा. तेवढी दोन वर्षं मागच्या दारी बादली कधी असायची, कधी नसायची.

आता तो दिवस. निवडणूक तोंडावर आली होती. रेणापूर तालुक्यात बोरवंडी म्हणून छोटं गाव आहे, तिथले धोंडिबा वायरमन गेले होते. सकाळी आम्ही रस्त्यात असताना ताईंचा फोन आला. काकूंची तब्येत बिघडलीय, डॉक्टर या म्हणतायत. आप्पांनी फोन घेतला, ऐकलं, "येतो" म्हणाले. मग फोन मला परत दिला.

"बोरवंडी किती लांब हाय?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो. "लोक दीड तासापासून थांबलेत."

"पाच मिंटं बोलतो. आन् तिथून सरळ लातूर."

खाजाभाईनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी आप्पांना काही म्हणालो नाही. मला ते बरोबरच वाटलं होतं. गाव वाटेवरच होतं.

धोंडिबांचं बारकं असं होतं की गावात कुणाची लाइट गेली आणि हे दुरुस्तीला गेले, तर लाइट येईपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. पुढं ठेवलेला चहा गार व्हायचा, त्यावर साय यायची, पण घ्यायचे नाहीत. आप्पा सरणापाशी उभे राहून बोलायला लागले. मी नेहमीसारखा मागं, त्यांचे दोन्ही मोबाइल हातात घेऊन. दोन-तीन मिनिटं झाली असतील, फोन वाजला. ताईंचा होता. मी लाकडं आणलेल्या ट्रॅक्टरच्या मागं गेलो.

"काका, बाबांना द्या. आई त्यांचं नाव घ्यायलीय. मी फोन तिच्या कानाला लावते. बाबांनी एक शब्द बोलावा फक्त."

"ताई, आप्पा बोलायलेत. पाच मिनिटं. झालं की लगेच लावतो."

"काका, द्या ना."

मी ट्रॅक्टरच्या चाकामागून बघितलं. आप्पांचा हात वर होता, बाया रडत होत्या, पुरुष खाली बघत उभे होते. मधून वाट काढून त्यांच्यापर्यंत जायला फार तर वीस पावलं.

"पाच मिनिटं, ताई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आप्पा एरवी सात-आठ मिनिटांच्या वर बोलत नसत. त्या दिवशी ते थांबेनात. धोंडिबांचा चहा झाला, मग खांबावरचे धोंडिबा झाले, वादळात गेलेली लाइट झाली, परीक्षेला बसलेली गावातली पोरं झाली. मी एकदा पुढं जायला निघालो. दोन पावलं गेलो आणि थांबलो. तो जुना नियम आठवला, की कुणी माझ्याकडं बघितलं म्हणून लाजलो, आता सांगता येत नाही. आणि खरं सांगतो, मी ऐकत होतो. त्याआधी इतकं चांगलं ते कधी बोलले नव्हते. लोक अजून त्या भाषणाची आठवण काढतात. अर्धा तास झाला. फोन पुन्हा वाजला. ताई म्हणाल्या, "राहू द्या आता," आणि फोन बंद झाला.

गाडीत बसल्यावर मी सांगितलं, "आप्पा, लातूरहून फोन होता. काकू गेल्या." आधीच्या फोनबद्दल तोंडातून निघालं नाही. आप्पा म्हणाले, "बरं." खाजाभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल बाबा."

काकूंच्या मातीला सगळा जिल्हा लोटला. एकेक पुढारी उठून बोलला. मनमिळाऊ होत्या, अन्नपूर्णा होत्या, आप्पांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या होत्या. काकूंचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "गुर्जी, हिचं बारकं काय सांगावं?"

माझ्याजवळ होतं. बादली होती, पाला होता, चूल पेटवण्याचा हिशेब होता. पण समोर वर्षाताई उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "आप्पा, आज तुम्ही नका बोलू." त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली. बोलले नाहीत. घरी आलो, सवयीनं मागच्या दारी गेलो. तिथं काही नव्हतं. आप्पा बराच वेळ तसेच उभे राहिले, मग खाजाभाईनं नळाचं पाणी आणून त्यांच्या पायावर घातलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "गुर्जी, आज कुठं हाय?" मला काही वाटलं नाही. हेच खरं तर वाईट होतं, मला काहीच वाटत नव्हतं. मी यादी वाचून दाखवली आणि आम्ही निघालो. निवडणूक ते जिंकले. त्यापुढच्या वेळी पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं, तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "देऊ द्या."

ह्या सगळ्या काळात मी रोज वाट बघत होतो. ताईंनी सांगितलं असणार. आज ना उद्या आप्पा गाडीत मागं वळून विचारणार, गुर्जी, तुम्ही फोन का दिला नाही? मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. काही दिवस ते उत्तर लांबलचक होतं, मग छोटं झालं, शेवटी फक्त 'चुकलं' एवढंच राहिलं. पण विचारलंच नाही कुणी. ताई घरी आल्या की माझ्यासमोरून जायच्या, खाजाभाईला चहा द्यायच्या, मला नाही. पूर्वी मला काका म्हणायच्या, आता काहीच म्हणत नव्हत्या. माझ्या बायकोला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आप्पांना सांगून टाका." मी रोज सकाळी ठरवायचो आणि संध्याकाळी परत यायचो. असं करत मी निवृत्त झालो आणि नांदेडला राहायला गेलो.

मागच्या संक्रांतीच्या सुमाराला एका लग्नासाठी तिकडं गेलो होतो, तेव्हा आप्पांकडं डोकावलो. दुपारची वेळ. अंगणात खाटेवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. फार खंगले होते. मतदारसंघातून येणं-जाणं थांबलं होतं, मातीला जाणंही. नव्या आमदारांच्या तीन गाड्या असतात आणि ते फुलांचं चक्र पाठवतात, असं सांगून हसले. मला शेंगा दिल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग शेंगेवरची नजर न काढता त्यांनी विचारलं,

"त्या दिशी बोरवंडीला फोन वर्षाचाच होता ना?"

"ताईंचा," मी म्हणालो.

"काय म्हनली?"

"काकू तुमचं नाव घेतायत म्हणाल्या. एक शब्द बोला म्हणाल्या." आणि नऊ वर्षं तयार करून ठेवलेलं उत्तर दिलं. "आप्पा, माझं चुकलं."

"तुमचं कशानं चुकलं?" ते म्हणाले. "म्या बघितलं ना. तुमी फोन कानाला लावून ट्रॅक्टरच्या मागं गेलात. तुमचं तोंड दिसलं. म्हनलं, आता म्या थांबलो की हे येऊन सांगनार. मग थांबलोच न्हाई. किती येळ बोललो तवा?"

"अर्धा तास."

"हाव. मला कळून राह्यलं होतं, लांबलंय म्हनून. तोंडच बंद होईना. हजार घरी गेलो गुर्जी, पन समदी मान्सं आधी मेलेली आसायची. जित्या मान्साला फोनवर काय बोलावं, मला येत न्हाई."

मला त्यांची दया यायला पाहिजे होती. त्याऐवजी मला राग आला. मग तोही राहिला नाही. नऊ वर्षं मी ज्या गोष्टीनं झोपलो नाही, ती ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि मागच्या सीटवर मी बसलेलो असताना त्यांनी कधी मान वळवली नाही.

"ताईंना हे ठाऊक आहे?" मी विचारलं.

"न्हाई. ती रडत हुती, बाबा, फोन केला होता म्हनली. म्या म्हनलं, मला कुनी दिलाच न्हाई." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि खाल्ले नाहीत. "ते खोटं बी न्हवतं."

"आता सांगाल का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. "तिला आता एकटा बापच राह्यलाय, गुर्जी," आप्पा म्हणाले. "तुमचं काय, तुमी कोन तिचे?"

काका, असं मला म्हणायचं होतं. साडेतीनची बस होती, मी उठलो. आप्पाही उठले, मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि चाकूरकडून येणाऱ्या गाड्यांच्या धुळीत डोळे बारीक करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत, मला पलीकडं जायला हातानं वाट दाखवत राहिले.